हॉलमध्ये एएमव्ही एकदाच दिसतो

यूट्यूबवर टाकायचा एएमव्ही आणि कन्व्हेन्शनच्या कॉन्टेस्टला पाठवायचा एएमव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि दर वेळी डेडलाइन जवळ आली की ओळखीतल्या नवीन एडिटर मंडळींना मी हेच सांगत बसते, तर म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. पोस्ट मोठी होणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एएमव्ही (ॲनिमे म्युझिक व्हिडिओ) म्हणजे ॲनिमेतली, जपानी ॲनिमेशनमधली, दृश्यं कापून एखाद्या गाण्यावर नव्याने बसवलेला, चाहत्यांनी चाहत्यांसाठी बनवलेला व्हिडिओ. आणि मोठ्या ॲनिमे कन्व्हेन्शनमध्ये (चाहत्यांचे मेळावे), उदाहरणार्थ लॉस एंजेलिसचं ॲनिमे एक्स्पो, ओटाकॉन, ॲनिमे वीकेंड अटलांटा, पॅरिसचं जपान एक्स्पो, या सगळ्यांत एएमव्ही कॉन्टेस्ट हा मोठा कार्यक्रम असतो, लोक रांगा लावून जागा पकडतात. ॲक्शन, ड्रामा, कॉमेडी, रोमान्स, ट्रेलर अशा कॅटेगरी असतात, कुठे कमीजास्त, काही ठिकाणी जज निवडतात, काही ठिकाणी प्रेक्षक मत देतात, बऱ्याच ठिकाणी दोन्ही असतं.

आता त्या हॉलमध्ये नक्की काय होतं ते बघा. अंधार, मोठा पडदा, मोठे स्पीकर, आणि एकामागून एक एन्ट्री. तुमच्या आधी कोणाची तरी धडाधड ॲक्शन संपलेली असते, लोक अजून टाळ्या वाजवतायत, आणि तुमचा पहिला शॉट सुरू. समोरच्यांपैकी निम्म्यांनी तुमचा ॲनिमे बघितलेलाच नसतो. मागे जाऊन परत बघायची सोय नाही, पॉज नाही, डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेली कल्पना वाचायला मिळत नाही. जे आहे ते त्या दोनतीन मिनिटांत, एकदाच, आणि नंतर लगेच पुढचा. यूट्यूबवर माणूस तोच व्हिडिओ दहा वेळा बघतो आणि दर वेळी त्याला एखादी बारीक गोष्ट नव्याने सापडते, त्यामुळे तिथे खूप काही कोंबलेलं चालून जातं. हॉलमध्ये कोंबलेलं सगळं वाया जातं. मी सगळे निर्णय या एकाच गोष्टीवरून घेते, गाणं कुठलं, किती लांब, कुठला शॉट, कुठला इफेक्ट, सगळं.

गाण्यापासून सुरू करू कारण तिथेच निम्मं काम ठरतं. आवडतं गाणं घेतलं आणि चार मिनिटं अख्खं वाजवलं असं करू नका. पहिलं कडवं आणि दुसरं कडवं यांत चाल तीच असते, आणि दुसऱ्या कडव्यात तुमच्याकडे सांगायला नवीन काही नसेल तर हॉलमध्ये लोकांची चुळबुळ सुरू होते, ती अंधारातसुद्धा कळते. बहुतेक कॉन्टेस्टना वेळेची मर्यादाही असतेच. म्हणून मी एकही क्लिप टाइमलाइनवर (एडिटिंग सॉफ्टवेअरमधली क्लिपा रचायची पट्टी) टाकायच्या आधी गाणं कापते. दुसरं कडवं काढायचं, पहिल्या कोरसनंतर थेट मधल्या संथ भागात उडी मारायची, तिथून शेवटच्या कोरसला. जोड लावायची ती ड्रमच्या ठोक्याच्या अगदी आधी, म्हणजे ठोक्याच्या आवाजात सांधा लपतो, आणि आधीच्या ओळीची जी गुंज राहते ती थोडी पुढच्या भागावर ओढून ठेवायची, नाहीतर कान लगेच पकडतो. हे करायला एक अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल. गाणं नंतर कापायला गेलात तर त्याच्यावर बसवलेली सगळी क्लिपांची माळ हलते आणि रडू येतं.

आता सिंक, म्हणजे चित्र आणि गाणं जुळवणं. नवीन लोकांना सिंक म्हणजे बीटवर कट मारणं एवढंच वाटतं. ते आहेच, पण ती पहिली पायरी. खरी मजा शॉटच्या आतल्या हालचालीत आहे. पात्राने मान वळवली, दार धाडकन लागलं, तलवार म्यानातून निघाली, डोळे उघडले, ही हालचाल जिथे पूर्ण होते ती फ्रेम ठोक्यावर आली पाहिजे, कट मग आगेमागे कुठेही असला तरी चालतो. एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक शॉट होता, मुलगी जिना चढत पळतेय, कॅमेरा पायांवर, आणि तीन पायऱ्यांनंतर ती कठडा पकडून गर्रकन वळते. मी आधी शॉटची सुरुवात ठोक्यावर ठेवली होती, ठीक दिसत होतं, पण काहीतरी मेलेलं वाटत होतं. मग फ्रेम फ्रेम पुढे जाऊन बघितलं तर तिचा हात कठड्याला टेकतो त्या फ्रेमला केसांची बट एकदम उलट्या दिशेला जाते, तिथेच सगळा जोर आहे. तो हात स्नेअरच्या, म्हणजे ड्रमच्या कडक आवाजाच्या, ठोक्यावर आणला, शॉटची सुरुवात आपोआप ठोक्याच्या आधी सरकली, आणि आता असं वाटतं की ड्रम तिनेच वाजवला. कोणाला कळतही नाही का छान वाटतंय, पण वाटतं. एकदा बघणाऱ्याला सुद्धा वाटतं, हे महत्त्वाचं.

थोडं गणित पण आहे, घाबरू नका. ॲनिमेचं फुटेज बहुतेक सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं असतं. गाणं १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं, असेल तर दर अर्ध्या सेकंदाला ठोका, म्हणजे सुमारे १२ फ्रेम. पण नेमक्या १२ नाहीत, ११.९८८. तुम्ही डोळे झाकून दर १२ फ्रेमला कट मारत गेलात तर तीन मिनिटांच्या शेवटी चार फ्रेम मागे पडाल, आणि चार फ्रेम हॉलच्या मोठ्या स्पीकरवर स्वच्छ कळतात. १२८ बीपीएमला तर ठोका साधारण ११.२४ फ्रेमवर येतो, तिथे नुसती मोजणी कामाचीच नाही. म्हणून मार्कर, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, गाणं ऐकून, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघून लावायचे, आणि शंका असली तर चित्र एक फ्रेम आधी ठेवायचं, उशिरा कधीच नाही. चित्र जरा आधी आलं तर मन सांभाळून घेतं, आवाजानंतर आलं की ढिलं वाटतं.

आणि एक, ॲनिमेत दर फ्रेमला नवीन चित्र नसतं. साधारणपणे एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. त्यामुळे स्लो मोशन करताना जपून. निम्म्या वेगाला नेलंत की तेच चित्र चार नाहीतर सहा फ्रेम थांबतं आणि झटके बसतात, आणि ते झटके घालवायला सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम बनवायला सांगितल्या की काढलेल्या रेषा विरघळतात, बोटं एकमेकांत मिसळतात. छोट्या स्क्रीनवर खपून जातं. भिंतीएवढ्या पडद्यावर नाही खपत. मी शक्यतो शॉटचा वेग बदलतच नाही, दुसरा शॉट शोधते, आणि अख्खी सीरिज परत बघायला लागली तरी बघते.

हे सीरिज परत बघणं पण कामाचाच भाग आहे बरं का. मी आवाज बंद करून बघते आणि हालचालींनुसार यादी करत जाते, उजवीकडे वळणारे, डावीकडे पळणारे, वर बघणारे, हात पुढे करणारे, दार, पाणी, पडणं. एक शॉट डावीकडून उजवीकडे संपला आणि पुढचा पण त्याच दिशेने सुरू झाला की डोळा अडखळत नाही, प्रेक्षक वाहत जातो. ट्रान्झिशनचा एकही इफेक्ट न लावता हे होतं. मला इफेक्टचा राग नाही, मास्क करून (पात्र कडेने कापून वेगळं काढून) दोन वेगळ्या सीरिजमधली पात्रं एका फ्रेममध्ये आणलेली असतात ते बघून मी अवाक होते, एकेक फ्रेमला केसांच्या कडेने मास्क ओढणं म्हणजे काय चिकाटी लागते ते केलेल्यालाच कळतं. पण इफेक्ट गोष्ट सांगत असेल तर. ग्लो, झूम, थरथर, प्रत्येक ठोक्याला पांढरा फ्लॅश, याने हॉलमधल्या लोकांचे डोळे दुखतात, आणि फ्लॅशचा खरंच त्रास होणारे लोक प्रेक्षकांत असतात त्यामुळे काही कॉन्टेस्टमध्ये त्याबद्दल सूचना द्यावी लागते. द्याच.

लिप सिंकबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, माझा सगळ्यात आवडता भाग. पात्राचे ओठ गाण्यावर हलवायचे. ॲनिमेत बोलताना तोंडाची फार चित्रं नसतातच, बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, बहुतेक वेळा एवढंच. मग त्या एका शॉटमधून ही तीन तोंडं वेगळी काढायची आणि गाण्याच्या उच्चाराप्रमाणे परत रचायची. आ आला की पूर्ण उघडं, प किंवा म आला की बंद, आणि ते बंद चुकवायचं नाही, कारण ओठ न मिटता म ऐकू आला की सगळा भास फुटतो. बाकी उच्चार थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतं. पात्राचा कॅमेरा हलत असेल, वाऱ्याने केस उडत असतील तर तोंड वेगळं कापून चेहऱ्यावर चिकटवावं लागतं आणि मग काम दसपट. पण हॉलमध्ये जेव्हा एखादं गंभीर पात्र अचानक गायला लागतं तेव्हा जो हशा येतो ना, त्याला तोड नाही.

हशावरून आठवलं, कॉमेडी पाठवणाऱ्यांसाठी. लोक हसले की पुढचे दोन सेकंद कोणालाच काही ऐकू येत नाही. घरी एकट्याने बघताना हे लक्षातच येत नाही. जोकवर जोक लावलेत तर दुसरा जोक पहिल्याच्या हशात बुडतो. म्हणून मोठ्या जोकनंतर थोडी जागा सोडायची, साधा शॉट, काही महत्त्वाचं नाही असा, आणि मग पुढचा. आणि हॉलमधला जोक समजायला सीरिजची माहिती लागता कामा नये. तुमच्या ग्रुपमध्ये जे कोटी म्हणून चालतं ते अनोळखी माणसाला नुसता एक शॉट असतो.

हे सगळं आजकाल किती सोपं झालंय याचा विचार केला की मला जुन्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. पहिला एएमव्ही म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो जिम कापोस्टास यांनी १९८२ मध्ये दोन व्हीसीआर (टेप चालवणारी आणि रेकॉर्ड करणारी यंत्रं) एकमेकांना जोडून केलेला, स्टार ब्लेझर्स या ॲनिमे मालिकेतली सगळ्यात हिंसक दृश्यं आणि त्याच्यावर बीटल्सचं प्रेमाचं गाणं. विचार करा, टेप पुढेमागे करत, प्ले आणि रेकॉर्ड हाताने दाबत, एक कट चुकला तर तिथून परत, आणि प्रत्येक कॉपीला चित्र आणखी पुसट. आणि तरी त्यांनी काय केलं बघा, एका वाक्यात सांगता येईल अशी कल्पना घेतली, मारामारीवर प्रेमाचं गाणं. पहिल्या दहा सेकंदांत समजते आणि शेवटपर्यंत हसवते. माझ्या मते आजही कॉन्टेस्टला चालणाऱ्या एएमव्हीची हीच कसोटी आहे, कल्पना एका वाक्यात सांगता आली पाहिजे. ड्रामा असला तरी. "दोघी बहिणींपैकी मोठीच्या नजरेतून", बस. सांगता येत नसेल तर एडिट सुरू करू नका, नुसतं छान दिसणारं काहीतरी तयार होईल आणि पुढची एन्ट्री आली की पुसलं जाईल.

आता टेक्निकल, जे कंटाळवाणं आहे पण यात एन्ट्री बाद होतात. सबटायटल असलेलं फुटेज नको, चॅनेलचा लोगो नको, कोपऱ्यात सॉफ्टवेअरच्या ट्रायलचा वॉटरमार्क नको, जवळपास प्रत्येक कॉन्टेस्टच्या नियमांत हे असतं. शक्यतो ब्लू-रे किंवा डीव्हीडीवरून घ्या. जुनी अमेरिकन किंवा जपानी डीव्हीडी असेल तर ती बहुतेक वेळा २९.९७ ची आणि इंटरलेस्ड (एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या आडव्या रेषा विणलेली) असते, हललं की रेषारेषा दिसतात, पाचातल्या दोन फ्रेम मिसळलेल्या असतात. ते उलटं करून मूळच्या २३.९७६ फ्रेम परत मिळवायच्या, त्यासाठी एव्हीसिंथ नावाचं सॉफ्टवेअर अजूनही भारी आहे. नुसतं डीइंटरलेस (त्या रेषा फक्त पुसून टाकणं) करू नका, अर्धं डिटेल जातं. एडिट करताना डाउनलोड केलेली कॉम्प्रेस्ड फाइल थेट टाइमलाइनवर न टाकता आधी यूटी व्हिडिओ किंवा प्रोरेससारख्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) काढून घ्या, डिस्क भरते पण फ्रेम अचूक मिळते आणि एडिटर अडखळत नाही.

अंधाऱ्या दृश्यांबद्दल वेगळं सांगते कारण हे कोणी सांगत नाही. तुमच्या मॉनिटरवर रात्रीचा जंगलातला शॉट सुंदर दिसतो. प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो, करडा असतो, आणि हॉलमध्ये कुठलं तरी दार उघडं असतं, बाहेर जाण्याच्या पाटीचा उजेड असतो. तो शॉट तिथे नुसता चिखल दिसतो. ज्या शॉटवर तुमची गोष्ट उभी आहे तो इतका अंधारा ठेवू नका, किंवा थोडा उजळ करा. मी खोलीत दिवे लावून, ब्राइटनेस कमी करून, लांबून उभी राहून एकदा अख्खं बघते, जे दिसत नाही ते बदलते. आवाजाचंही तसंच, लॅपटॉपच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, तिथे मोठ्या स्पीकरवर तोच छातीवर आदळतो, हेडफोनवर तपासा आणि आवाज फाटत नाही ना बघा.

नियम पूर्ण वाचा. फाइलचा फॉरमॅट, लांबी, सुरुवातीला नाव टाकायचं की नाही (जिथे जजना एडिटर कोण ते कळू नये असं असतं तिथे तुमचं नाव व्हिडिओत असलं तर बाद झालात), रक्त आणि कपडे यांची मर्यादा, आधी ऑनलाइन टाकलेला चालतो की नाही. आणि स्पॉयलर. नियमात नसलं तरी, सीरिजचा शेवट हॉलभर अनोळखी लोकांना दाखवायचा का याचा विचार करा. मला स्वतःला ते पटत नाही, अगदीच गोष्टीला गरज असेल तर गोष्ट वेगळी.

बीटा, म्हणजे पाठवण्याआधीची कच्ची आवृत्ती, दाखवा, पण कोणाला ते नीट निवडा. एक एडिटर, जो फ्रेमच्या चुका काढेल, आणि एक असा माणूस ज्याने तो ॲनिमे बघितलेलाच नाही. दुसऱ्याचं मत जास्त मोलाचं. त्याला एकदाच दाखवायचं, आणि "कसा वाटला" असं विचारायचं नाही, लोक "छान" म्हणतात आणि विषय संपतो. विचारायचं, "काय झालं यात?" त्याने जी गोष्ट सांगितली ती तुमच्या डोक्यातली असेल तर पाठवा. माझी एक मैत्रीण ॲनिमे अजिबात बघत नाही, ती बघताना मी स्क्रीनकडे न बघता तिच्याकडे बघत असते. तिचा हात मोबाइलकडे गेला त्या सेकंदाची मी नोंद करते, आणि तिथे कापते. आजवर तिने एकदाही मला चुकीच्या जागी कापायला लावलेलं नाही.

निकालाबद्दल फार लिहीत नाही. जजना आवडलेलं आणि हॉलला आवडलेलं बऱ्याचदा वेगळं असतं आणि दोन्ही खरं असतं. बक्षीस नाही मिळालं तरी निवड होऊन हॉलमध्ये दाखवला गेला तर कोणाकडून तरी त्या दोन मिनिटांत हॉल कसा होता ते नक्की विचारा, कुठे हसले, कुठे शांत झाले. हे जजच्या गुणांपेक्षा कामाला येतं.

मग कॉन्टेस्ट झाल्यावर शेअर करणं. इथे वस्तुस्थिती स्पष्ट असू द्या, दृश्यं आपली नाहीत, गाणं आपलं नाही, आपलं आहे ते त्यांना एकत्र आणणं. अमेरिकेत फेअर यूजचा (परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायद्यातली सवलत) मुद्दा मांडता येतो पण ती काही आधीच मिळालेली परवानगी नाही. २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या अमेरिकन संगीत कंपनीने त्यांच्या कलाकारांची, म्हणजे इव्हॅनेसन्स हा बँड वगैरे, गाणी वापरलेले एएमव्ही काढायला सांगितले होते आणि ॲनिमेम्युझिकव्हिडिओज डॉट ऑर्ग म्हणून जे मोठं संग्रहस्थळ २००० पासून आहे त्यांनी ते काढले, त्यात कितीतरी लोकांची कष्टाची कामं होती. यूट्यूबवर आता कंटेंट आयडी (दुसऱ्याचं गाणं किंवा दृश्य ओळखणारी यंत्रणा) आपोआप पकडतं, कधी नुसती जाहिरात लावून पैसे हक्कदाराला जातात, कधी काही देशांत ब्लॉक, कधी सगळीकडे. म्हणून एएमव्हीतून पैसे कमवायचा विचार सोडा, आणि यूट्यूबला तुमचं कपाट समजू नका. चॅनेल गेलं की सगळं गेलं, असं होताना मी बघितलंय, एका अतिशय गुणी एडिटरचं वर्षानुवर्षांचं काम एका सकाळी नव्हतं, आणि त्यातले काही व्हिडिओ परत मिळाले ते फक्त कोणीतरी चाहत्याने स्वतःसाठी उतरवून ठेवले होते म्हणून.

तेव्हा मूळ एक्सपोर्ट, चांगल्या बिटरेटचा, किमान दोन डिस्कवर ठेवा. फाइलच्या नावातच एडिटरचं नाव, एएमव्हीचं नाव, ॲनिमे, गाणं, गायक, वर्ष लिहा, कारण डिस्क्रिप्शन हरवतं, फाइलचं नाव सोबत जातं. डिस्क्रिप्शनमध्येही हे सगळं टाका, स्टुडिओचं नाव टाका, बीटा बघणाऱ्यांचे आभार माना. दुसऱ्याचा एएमव्ही आवडला तर लिंक द्या, उतरवून स्वतःच्या चॅनेलवर चढवू नका, कापून छोट्या रीलमध्ये नाव न देता तर अजिबातच नाही. आणि कमेंट लिहा हो, नुसतं "भारी" नको, कुठल्या सेकंदाचा कुठला कट आवडला ते लिहा. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या एका व्हिडिओवर कोणीतरी फक्त मिनिट आणि सेकंद लिहून "इथे हात आणि व्हायोलिन" एवढंच लिहिलं होतं, मी तो शॉट बसवायला सगळ्यात जास्त वेळ घालवला होता.

कोणाला बीटा बघून हवा असेल तर खाली कळवा, लिंक पाठवा. पहिल्यांदा एकदाच बघेन आणि काय समजलं ते लिहीन, मग परत परत बघून फ्रेमच्या चुका वेगळ्या लिहून पाठवीन. डेडलाइनच्या आदल्या रात्री मात्र पाठवू नका, तेव्हा मी माझं एक्सपोर्ट करत असते.